शाळेला म्हणून निघालो तो दिवस

शनिवार पेठेत आम्ही राहत होतो तिथल्या पंतोजींकडे नवी मुलं दसऱ्याला बसवायची पद्धत होती. त्या वर्षी माझी पाळी होती. मला सहावं संपून सातवं लागलं होतं, पुढचे दोन दात पडले होते, आणि शाळेत बसलं की माणूस मोठा होतो अशी माझी पक्की समजूत होती. माझा थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणे, आधीपासूनच तिथे जात होता. त्याची मुंजही झाली होती. मोडीत स्वतःचं नाव लिहिता येतं म्हणून घरात त्याचा रुबाब होता आणि तो रुबाब तो सगळा माझ्यावर काढी.

वडील सरकारी दप्तरात कारकून. सकाळची संध्या आटोपून ते शनिवारवाड्याकडे चालत जात आणि दिवस मावळताना परत येत. त्यांचं बोलणं मोजकं. आईचं तसं नव्हतं. ती निवडताना, कांडताना, वाढताना सारखी काहीतरी सांगत असे, कुणाला नाही तर आम्हाला. त्या नवरात्रात ती बोलेनाशी झाली होती. पण हे मला पुष्कळ वर्षांनी सुचलं. तेव्हा मी माझ्याच नादात होतो.

घट बसले तशी माझी तयारी सुरू झाली. वडिलांनी सुताराकडून सागाची धुळपाटी करून आणली. आईनं विटेचा तुकडा उखळात कुटला, ती पूड जुन्या पातळाच्या फडक्यातून दोनदा गाळली आणि पाटीवर हलक्या हातानं पसरून दिली. त्या पुडीत काडीनं अक्षर काढायचं, पाटी जरा हलवली की अक्षर गेलं, पुन्हा काढायचं. आईला अक्षर येत नव्हतं. ती पुडीत रांगोळीतलं कमळ काढून दाखवी आणि म्हणे, "हे मोड आणि इथे तुझं काढ." मला ते मोडवत नसे. मग दादाच पाटी हिसकून घेई आणि गदागदा हलवी.

पंतोजींच्या गोष्टी दादाकडूनच कळायच्या. "उशिरा गेलं तर हातावर छडी. पाढा चुकला तर अंगठे धरून उभं. आणि पळून गेलं तर आढ्याला टांगतात."

"तुला टांगलंय?"

"मला कशाला टांगतील? मी पळून जात नाही."

आई माझ्याकडून एक गोष्ट घोकून घेत होती. पंतोजी पहिल्याच दिवशी विचारणार, कोणाचा रे तू. तेव्हा हात जोडायचे, खाली बघायचं नाही, आणि स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गोत्र, शाखा असं सगळं एका दमात सांगायचं. मला ते येऊ लागलं तसा मी उठता बसता म्हणू लागलो. विहिरीवर पाणी काढणाऱ्या बायकांनाही हात जोडून सांगितलं. पहिले दोन दिवस आई कौतुकानं ऐकायची. पुढे मी वडिलांच्या नावापाशी आलो की ती मध्येच म्हणायची, "पुरे. येतं तुला." आणि चुलीकडे वळायची.

ललितापंचमीला हळदीकुंकवाला आमच्याकडे एक बाई आल्या. मेण्यातून आल्या, म्हणून गल्लीतली मुलं दाराशी गोळा झाली. त्या सदाशिव पेठेतल्या, दप्तरात वडिलांच्या वरच्या जागेवर जे होते त्यांच्या घरातल्या. अंगावर दागिने होते, पण बसल्या मात्र अगदी कडेला, सतरंजीवर जागा असूनही. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"दूध आवडतं का रे?"

"साय आवडते," मी म्हणालो.

त्यांनी आईला विचारलं, "झोपेत घाबरतो का?"

"नाही. मांजराला तेवढा भितो," आई म्हणाली.

परक्या माणसासमोर हे सांगायची काय गरज होती म्हणून मला राग आला. मी लगेच हात जोडून माझं नाव-गाव-गोत्र सगळं म्हणून दाखवलं. बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात ठेवला तो काढायला विसरल्यासारखा तिथेच राहिला. मग त्या उठल्या, कुंकू लावून घेतलं आणि ओटी न भरून घेताच घाईनं गेल्या.

दोन दिवसांनी माझ्यासाठी नवे कपडे आले. रेशीमकाठी छोटं धोतर, अंगरखा, जरीची टोपी. दादाला काही नव्हतं.

"मला का नाही?" दादानं विचारलं.

"तुझं वेगळं आहे," वडील म्हणाले.

"वेगळं म्हणजे?"

वडील उठून बाहेर गेले. दादा दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

दसऱ्याला सकाळी मला उठवलं तेव्हा दादा घरात नव्हता. त्याला काहीतरी निरोप देऊन कसब्यात मामाकडे पाठवलं होतं. आईनं मला ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं. शिरा केला होता, तो मला भरवला. मी केव्हापासून स्वतःच्या हातानं जेवत होतो, म्हणून मी तोंड फिरवलं. ती म्हणाली, "आजच्या दिवस." मग मला धोतर नेसवलं. तिचा हात इतका झरझर चालायचा की निऱ्या कधी झाल्या आणि कासोटा कधी खोचला हे कळायचंही नाही. कपाळाला कुंकू लावलं. वडील बाहेर वाट बघत उभे होते.

"पाटी राहू दे," ते म्हणाले.

"पाटीशिवाय शाळा?" मी म्हणालो आणि पाटी काखेत मारून पुढे झालो. दारातून वळून ओरडलो, "आई, येतो."

"नीट राहा," आई म्हणाली.

मला वाटलं, शाळेत.

रस्त्यात झेंडूच्या माळा घातलेले घोडे चालले होते. दुपारी श्रीमंतांची स्वारी सोनं लुटायला निघायची होती, त्याची गडबड. मी मान वळवून वळवून बघत होतो, त्यामुळे कोपऱ्यावर आपण उलटीकडे वळलो हे जरा उशिरा लक्षात आलं.

"बाबा, पंतोजींचं घर तिकडे."

"आधी एके ठिकाणी जायचंय."

त्यांनी माझं बोट धरलं होतं. रस्त्यात ते कधी बोट धरत नसत.

सदाशिव पेठेतलं ते घर मी आधी पाहिलेलं नव्हतं. दाराला आंब्याचं तोरण, चौकात होम पेटलेला, भोवती भटजी आणि पुष्कळ माणसं. मला वाटलं ही मोठी शाळा असेल. फक्त मुलं दिसत नव्हती. होमाजवळ पाटावर त्या मेण्यातल्या बाई बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी त्यांचे यजमान. ओळखीचं कुणीतरी दिसलं म्हणून मला धीर आला.

एका वृद्ध भटजींनी विचारलं, "बाळ, नाव काय तुझं?"

हेच तर मी घोकलं होतं. पाटी खाली ठेवली, हात जोडले, खाली न बघता माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गोत्र, शाखा सगळं न अडखळता सांगितलं. कुणीतरी खाकरलं. भटजी "शाबास" म्हणाले, पण माझ्याकडे न बघता वडिलांकडे बघून.

पुढचं सगळं भराभर झालं. वडील त्या गृहस्थांच्या समोर बसले. मंत्र चालू होते. गृहस्थ काहीतरी म्हणाले, वडिलांनी हातावर पळीभर पाणी घेतलं आणि ते सोडताना म्हणाले, "ददामि." आवाज नेहमीसारखाच होता, स्पष्ट. मग त्यांनी मला काखांत हात घालून उचललं, लहान असताना उचलत तसं, आणि त्या गृहस्थांच्या मांडीवर ठेवलं. गृहस्थांनी वाकून माझं डोकं हुंगलं. त्यांचा ऊन श्वास माझ्या टाळूला लागला. बाहेर सनई सुरू झाली, आणि बायका साखर वाटू लागल्या.

मी मोठ्यानं विचारलं, "पंतोजी कुठे आहेत?"

बायका हसल्या. भटजी जवळ आले. म्हणाले, "बाळ, आता माझ्यामागून म्हण." आणि त्यांनी एक नाव सांगितलं. मग त्या गृहस्थांचं नाव, त्यांचं आडनाव, त्यांचं गोत्र, शाखा. मी म्हटलं. मला सांगितलेलं म्हणायची सवय होती. म्हणून झाल्यावर लक्षात आलं की आईनं शिकवलं होतं त्यातला एकही शब्द यात नव्हता. शाखा तेवढी तीच होती.

"हे कोणाचं नाव?" मी विचारलं.

"तुझं," भटजी म्हणाले. "तू आजपासून यांचा मुलगा. दत्तक आलास."

दत्तक म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमच्या गल्लीत एक दत्तक मुलगा होता. पण ते दुसऱ्या कुणाचं तरी होतं, कुबड असावं किंवा सहा बोटं असावीत तसं. मी वडिलांना शोधलं. ते दाराशी वाकून जोडे घालत होते. मी मांडीवरून उडी मारली आणि धावलो. दारात एका गड्यानं मला अलगद धरलं.

"बाबा!" मी ओरडलो.

"ओ," मागून आवाज आला. "काय बाळ?"

मांडी घालून बसलेल्या त्या गृहस्थांनी ओ दिली होती. वडील पाठमोरे होते. त्यांची पाठ क्षणभर ताठ झाली. मग ते उंबरा ओलांडून गेले.

मी रडलो नाही. रडायला हवं होतं, सगळे त्याचीच वाट बघत होते. पण माझा आवाजच गेला. तोंड उघडलं की नुसता वारा यायचा. बाईंनी ताटं वाढली, वाटीभर साय दिली, मांजर घरात नाही असं दोनदा सांगितलं. मी पाटी पोटाशी धरून खांबाला टेकून बसलो. संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले आणि मला बघून गेले. मी सगळ्यांकडे बघत होतो आणि मला वाटत होतं की आता कुणीतरी चूक झाली असं म्हणेल.

दुसऱ्या दिवशी माझी शाळेची तयारी पुन्हा झाली.

बाईंना मी पुढे आयुष्यभर "बाई"च म्हटलं, तेव्हा इथेही तेच म्हणतो. त्यांना झालेली मुलं पाळण्यातून पुढे कधी गेली नव्हती. सात वर्षांच्या मुलाला धोतर कसं नेसवतात हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी निऱ्या घातल्या त्या सुटल्या. पुन्हा घातल्या, तर कासोटा पुरेना. घरातली मोलकरीण म्हणाली, "द्या बाईसाहेब, मी नेसवते."

"नको. मी नेसवीन."

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी त्यांनी ते कसंबसं एका गाठीत अडकवलं आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "मला येत नाही रे. तुला येतं का?"

माझे दत्तक वडील ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "काल गोत्रासकट घडाघडा बोलला, आज मौन. पंतोजींना सोयीचं."

त्यांच्या मनात मला गल्लीच्या टोकाच्या पंतोजींकडे घालायचं होतं. बाई म्हणाल्या, "शनिवारातल्या पंतोजींकडे घालायचं. त्याचा भाऊ आहे तिथे."

"अगं, दत्तक घेतलेलं मूल त्याच गल्लीत रोज पाठवायचं? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"आणि घरी पळालं तर?"

"तर मी आणायला जाईन."

ते सुपारी कातरायचे थांबले. बाईंनी त्यांना असं उत्तर आधी कधी दिलं नसावं. थोड्या वेळानं त्यांनी गड्याला हाक मारली.

गड्याच्या मागून मी एका हातात पाटी आणि दुसऱ्या हातात धोतर धरून शाळेत शिरलो. पंतोजींच्या ओसरीवर मुलं पाढे म्हणत होती. दादा दुसऱ्या रांगेत होता. मला बघताच त्याचा चेहरा फुलला.

"अरे, तू मावशीकडून आलास पण?" तो म्हणाला.

घरी त्याला सांगितलं होतं की मला सासवडला मावशीकडे पाठवलंय.

पंतोजींनी विचारलं, "कोणाचा रे तू?" गड्यानं माझं नवं नाव सांगितलं, दत्तक वडिलांचं नाव सांगितलं.

दादा उभा राहिला. "चुकतोय हा. हा माझा भाऊ आहे."

"खाली बस."

"पण पंतोजी, हा खरंच माझा..."

"अरे, काल दत्तक गेला तो," पंतोजी म्हणाले. "तुला घरी कुणी सांगितलं नाही?"

पाढे थांबले. दादाचा चेहरा मला अजून दिसतो. तो आधी हसला, कारण त्याला वाटलं पंतोजी थट्टा करताहेत. पंतोजी थट्टा करत नाहीत हे त्याला आठवलं तेव्हा त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळे मोठे झाले. त्यानं माझ्याकडे बघितलं. अंगावरचा नवा अंगरखा बघितला. मग तो मुलांच्या मांडीवरून पाय टाकत आला, माझा हात धरला आणि मला ओढत ओसरीवरून खाली उडी मारली. मागून पंतोजी ओरडले. कधीही पळून न जाणारा माझा दादा त्या दिवशी मला घेऊन पळाला.

धावता धावता माझं धोतर सुटलं. मी त्याचा बोळा छातीशी धरला. दादा धापा टाकत एकच म्हणत होता, "आईला माहीत नसेल. आईला कळू दे, मग बघ."

आई तांदूळ निवडत बसली होती. दादा दारातूनच ओरडला, "आई, बघ! बाबांनी याला देऊन टाकलं!"

आईनं वर बघितलं. ती उठली नाही. ती सुपातले खडे वेचत राहिली. ती मला म्हणाली, "घरी सांगून आलास का?"

"कुठल्या घरी?" दादानं विचारलं.

"याच्या."

एवढं मला कळलं. काल चौकात जे झालं ते मोठ्या माणसांचं, मंत्रांचं होतं, त्यात काहीतरी चूक असू शकत होती. आईच्या तोंडून हा शब्द आला आणि चूक संपली. मी भिंतीला टेकलो.

आई आत गेली. तिनं पाट आणला, मांडला. त्यावर बस म्हणाली. मग वाटीत गूळ आणि तांब्याभर पाणी आणून समोर ठेवलं, उन्हातून आलेल्या पाहुण्याला ठेवतात तसं. आमच्या त्या घरात मला आजवर कुणी असं गूळपाणी दिलं नव्हतं. मी माझं माझं माठातून घेत असे. तिची नजर माझ्या सुटलेल्या धोतरावर गेली. हात पुढे आला, अर्ध्यात थांबला, आणि तिनं तो पदराखाली घेतला.

"तू रडत का नाहीस?" दादा तिच्यावर ओरडला. तो स्वतः रडत होता.

"मी रडले तर हा तिकडे परत जाईल का?" आई म्हणाली.

दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

एवढ्यात गल्लीत गलका झाला. दारं उघडल्याचे आवाज आले. बाई चालत आल्या होत्या. मेणा नाही, अंगावर शाल नाही, मागून मोलकरीण धापा टाकत येतेय. गड्यानं जाऊन सांगितलं आणि त्या तशाच निघाल्या. तसल्या मोठ्या घरातली बाई भर दिवसा पेठेतून पायी गेली हे पुढे कित्येक दिवस लोक एकमेकांना सांगत होते. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"न्यायला नाही आले," त्या म्हणाल्या. त्यांना दम लागला होता. "बरा आहे ना, तेवढं बघायला आले."

"आत या," आई म्हणाली.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. बाई हळूच म्हणाल्या, "त्याला इथेच राहायचं असेल तर मी घरी सांगीन. काय व्हायचं ते होऊ दे."

"असं बोलू नका," आई म्हणाली. "होम झालाय."

बाई माझ्याकडे बघत होत्या. माझ्या छातीशी धोतराचा बोळा होता. त्या म्हणाल्या, "मला नेसवता नाही आलं."

आणि आई हसली. मला धक्काच बसला. नवरात्र सुरू झाल्यापासून ती हसलेली मी पाहिली नव्हती, आणि ती या क्षणी हसेल असं स्वप्नातही वाटलं नसतं. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, ते तिनं पुसलं नाही. तिनं मला उभं केलं.

"हा पोट फुगवतो मुद्दाम," ती बाईंना म्हणाली. "त्याला श्वास सोडायला सांगायचं आणि मग गाठ मारायची. नाहीतर दोन पावलांत सुटतं. हे असं."

तिनं मला धोतर नेसवलं, या खेपेला सावकाश, प्रत्येक घडी दाखवत. मग ते सगळं सोडलं आणि बाजूला झाली. "आता तुम्ही."

बाई गुडघ्यांवर बसल्या. चुकलं तिथे आईनं त्यांची बोटं धरून निऱ्या सरळ केल्या. नेसवता नेसवता आई सांगत होती: कान दुखला की लसणीचं तेल कोमट करून, घाबरला की ताप येतो, पण तो उतरतो, औषध नको, रात्री पायाशी पांघरूण घट्ट खोचायचं, ओरडलेलं चालतं पण दुसऱ्यांदेखत नको. बाई मान हलवत होत्या, एकेक गोष्ट ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणत होत्या.

मी त्या दोघींच्या मध्ये उभा होतो. कालपासून गेलेला आवाज तेव्हा परत आला.

"पंतोजी मला टांगतील," मी म्हणालो.

दोघींनी दचकून माझ्याकडे बघितलं.

"नाही टांगणार," आई म्हणाली. "बाई येतील तुझ्याबरोबर."

बाई आल्या. दादा आणि मी पुढे, त्या मागून. पंतोजी छडी घेऊन ओसरीच्या पायरीवर उभेच होते. आमच्या मागे त्यांनी बाईंना पाहिलं आणि ते छडीसकट दोन पावलं मागे सरले. त्यांच्या दारात अशा घरची बाई कधी उभी राहिली नसणार. बाईंनी पदर पुढे ओढला आणि मोलकरणीला सांगितलं, मोलकरणीनं मोठ्यानं पंतोजींना सांगितलं, "दोघांना शेजारी बसवा म्हणतात बाईसाहेब." पंतोजी "हो, हो, बसवतो" म्हणाले. त्या दिवशी आम्हाला छडी लागली नाही. दादानं मला ओनामा काढून दाखवला आणि माझं बोट धरून गिरवून घेतला. गिरवताना तो सारखा दाराकडे बघत होता, म्हणून माझी पहिली अक्षरं वाकडी आली.

मी सदाशिव पेठेतच वाढलो. बाईंना दुसऱ्याच दिवशी धोतर नीट नेसवता आलं. माझे दत्तक वडील चांगले होते. त्यांचं बोलणं तिरकस होतं, पण हात कधी उगारला नाही. माझी मुंज त्यांच्या चौकात झाली तेव्हा माझे आईवडील पाहुण्यांत बसले होते. आई गेली तेव्हा दादाला दहा दिवसांचं सुतक होतं आणि मला तीन. चौथ्या दिवशी मी दप्तरात कामावर गेलो, आणि कुणीतरी आजचा विडा चांगला आहे म्हणून मला पान पुढे केलं.

या सगळ्याचं कारण मी मनाशी ठरवून टाकलं होतं. वरच्या जागेवरच्या माणसानं मूल मागितलं आणि हाताखालच्या माणसाला नाही म्हणता आलं नाही. मला ते पटलं होतं. दत्तक वडील वारल्यावर वर्षभरानं एकदा मी शनिवारात गेलो. वडील आता थकले होते, ओसरीवर घोंगडीवर बसून असत. मी त्यांना पहिल्यांदाच विचारलं, "त्यांनी कसं मागितलं हो मला?"

"मागितलं नाही," वडील म्हणाले.

मला वाटलं त्यांना नीट ऐकू गेलं नाही.

"मागितलं नाही," ते पुन्हा म्हणाले. "त्यांचं तिसरं मूल गेलं त्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. ते काही बोलत नव्हते. मलाही बोलायला काही सुचेना. तोंडून निघून गेलं, माझा धाकटा घ्या. त्यांनी मान वर करून बघितलं. त्यानंतर मला शब्द मागे घेता आला नाही."

"आणि आई?"

"ती दळत होती. ऐकून घेतलं. जातं थांबवलं नाही. दळण पुरं झाल्यावर म्हणाली, त्याला आधी काही सांगू नका, घाबरेल. शाळेत जायचंय म्हणून सांगा, त्याला शाळेची हौस आहे. तयारी मी करते."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. रस्त्यावरून कुणीतरी बैल हाकत गेलं. मला चिडायचं होतं, आणि कुणावर चिडायचं ते कळेना, कारण समोर एक म्हातारा माणूस घोंगडीच्या दशा ओढत बसला होता आणि त्याला आता माझ्याकडे बघवत नव्हतं.

"दादा येईल एवढ्यात," ते म्हणाले. "थांबतोस का?"

मी थांबलो. दादा आला, त्यानं आम्हा दोघांकडे बघितलं आणि काही न विचारता आत जाऊन जेवायची तीन पानं मांडायला सांगितली.